रोसेनदाल : एका दारावरच्या दोन ढाली

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, हार्डांगर फ्योर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या) काठी क्विन्हेराड भागात असलेला रोसेनदालचा वाडा मार्गदर्शकासोबत पाहण्याची फेरी मी उन्हाळ्यात केली. सरदार घराणी आणि त्यांची कुलचिन्हे यांत ज्यांना मनापासून रस आहे, त्यांनी ही फेरी अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्गनहून जलद बोटीने साधारण दोन तासांत येथे पोहोचता येते. नॉर्वेत बॅरनी, म्हणजे बॅरन ही पदवी असलेल्या सरदाराची जहागीर, म्हणून दर्जा मिळालेली ही एकमेव जहागीर. तरीही वाडा आटोपशीर आहे, आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला १,४२६ मीटर उंचीचा मेल्डरशिन डोंगर त्याला आणखीच लहान करून टाकतो.

या वाड्याची कथा एका लग्नापासून सुरू होते. डेन्मार्कच्या रोसेनक्रान्त्स घराण्यातील लुडविग याने १६५८ मध्ये कारेन मोवात हिच्याशी विवाह केला. कारेनचे घराणे मूळचे स्कॉटिश. तिचे वडील अ‍ॅक्सेल मोवात यांच्याकडे नॉर्वेत अफाट जमीनजुमला होता आणि त्या सगळ्याची वारस ती एकटीच होती. लग्नात मिळालेल्या हाटेबर्गच्या शेतजमिनीवर या दांपत्याने १६६५ पर्यंत हा वाडा उभा केला आणि १६७८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पाचवा क्रिस्तियान याने जहागिरीला बॅरनीचा दर्जा दिला. पदवी लुडविगला मिळाली. पण ज्या जमिनीच्या बळावर ती मिळाली ती कारेनची होती, हे विसरता कामा नये.

म्हणूनच प्रवेशद्वारावरची दांपत्याची कोरीव ढालचिन्हे मला साऱ्या वाड्यात सर्वांत मोलाची वाटली. दोन ढाली शेजारीशेजारी असल्या म्हणजे त्या विवाहाची नोंद म्हणून वाचायच्या असतात. त्यातही एक बारकावा आहे. ढालीची उजवी-डावी बाजू पाहणाऱ्याची नव्हे, तर ती हातात धरणाऱ्याची मानतात. मानाची उजवी बाजू पतीच्या घराण्याची असते, त्यामुळे समोर उभे राहणाऱ्याला पतीची ढाल डावीकडे दिसायला हवी. एवढे ठाऊक असले की या काळातली दारे, थडगी आणि चर्चमधील फलक आपोआप वाचता येऊ लागतात.

नावांचीही गंमत अशीच आहे. सोळाव्या शतकापर्यंत डेन्मार्क-नॉर्वेतील बहुतेक सरदार वडिलांच्या नावानेच ओळखले जात. कायमचे आडनाव घेण्याची वेळ आली तेव्हा अनेकांनी ते आपल्या ढालीवरून किंवा शिरस्त्राणावरच्या चिन्हावरून घेतले. गिल्देनश्टेर्ने म्हणजे सोन्याचा तारा, रोसेनक्रान्त्स म्हणजे गुलाबांची माळ. चित्र आधी आणि नाव नंतर, हा क्रम एकदा ध्यानात आला की रोसेनदाल म्हणजे ‘गुलाबांची दरी’ हे नावही कानाला निराळे लागते. वाड्यालगतच्या बागेत मी पोहोचलो तेव्हा नुकताच पाऊस पडून गेला होता. पाकळ्या ओल्या होऊन जड झाल्या होत्या आणि काही फुले देठासकट खडीच्या वाटेवर झुकली होती. त्यांच्याकडे पाहताना दारावरची ढाल पुन्हा डोळ्यांसमोर आली.

१७२३ मध्ये जहागीर राजाकडे परत गेली. पुढे १७४५ मध्ये ती एडवर्ड लोंडेमान यांनी विकत घेतली आणि सरदारकी मिळाल्यावर त्यांच्या घराण्याने रोसेनक्रोने, म्हणजे गुलाब आणि मुकुट, हे नाव धारण केले. माळेची जागा मुकुटाने घेतली. गुलाब मात्र तसाच राहिला. १८१४ च्या संविधानाने नव्या बॅरनी निर्माण करण्यास मनाई केली, १८२१ च्या कायद्याने सरदारकीच संपुष्टात आणली, तरी त्या वेळी हयात असलेल्यांच्या पदव्या त्यांच्या आयुष्यापुरत्या राहू दिल्या. १९२७ मध्ये हा वाडा ओस्लो विद्यापीठाला देणगी म्हणून मिळाला.

एक तक्रार मात्र नोंदवतो, आणि ती वाड्याबद्दल नाही. ज्या प्रवासी कंपनीकडून मी ही सहल घेतली होती, तिने येथे जेमतेम दीड तास राखून ठेवला होता. आतली दालने मार्गदर्शकासोबतच पाहायची असल्याने त्यातच वेळ संपला आणि बागेतून धावतपळत परतावे लागले. त्यामुळे सहल स्वतः आखावी आणि येथे किमान अर्धा दिवस ठेवावा. फेरीची वेळ होण्याआधी दहा मिनिटे दारासमोर उभे राहून ढाली नीट पाहून घ्याव्यात, म्हणजे आतल्या दालनांत मार्गदर्शक कोणत्या घराण्याबद्दल बोलत आहे हे चटकन कळते. फेरीनंतर जवळच्या क्विन्हेराड चर्चलाही जावे. तेराव्या शतकातील या दगडी चर्चमध्ये बॅरन घराण्याचे दफनगृह आहे. कंपनीच्या वेळापत्रकात ते नव्हते, म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुक्काम वाढवून गेलो.