आरडी 350ला 390 ड्यूकचा फोर्क: माल उत्तम, पण काम लेथवर ठरतं

कस्टम आरडी (यामाहा आरडी 350, म्हणजे आपली राजदूत 350) बांधताना पुढून काय लावायचं यावर गॅरेजमध्ये वाद सुरू झाला की केटीएम 390 ड्यूकच्या यूएसडी (अपसाइड डाउन, म्हणजे जाड नळी वर आणि पाइप खाली असलेल्या) फोर्कचं नाव हटकून निघतं. निकाल आधीच सांगतो. फोर्क घेण्यासारखा आहे. मात्र तो पूर्ण सेट मिळत असेल तरच घ्या. नुसते दोन पाय स्वस्तात मिळाले म्हणून उचलले, तर वाचलेले पैसे लेथवाल्याकडे दुपटीने जातात.

आरडीला याची गरज मुख्यतः ब्रेकसाठी आहे. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये राजदूत 350 आणली ती पुढे ड्रम ब्रेक लावून. मूळ यामाहाला 1973 पासूनच डिस्क होती. इंजिन त्याच जातीचं दमदार टू-स्ट्रोक ट्विन आणि थांबवायला ड्रम, ही जोडी तेव्हाही जुळली नव्हती. बारीक पाइपांचा जुना फोर्क जोरात ब्रेक दाबला की खाली बसतो आणि पिळवटतो, त्यामुळे त्याच फोर्कवर नुसती डिस्क चढवणं म्हणजे अर्धवट इलाज.

मग ड्यूकचाच का? 43 मिमीचा जाड पाइप, रेडियल चार-पिस्टन कॅलिपर वगैरे सगळे सांगतात. खरं कारण वजनाचं आहे. ड्यूक आणि आरडी दोन्ही दीडशे किलोच्या आसपासच्या गाड्या, त्यामुळे कंपनीची स्प्रिंग आरडीला जवळजवळ तशीच चालते. डॉमिनार 400चा फोर्कही 43 मिमीचा आहे, पण ती गाडी 180 किलोच्या पुढची. तिची स्प्रिंग आरडीला कडक पडते आणि खड्ड्यावर हँडल हातात उडतं. अपाचे आरआर 310चा 41 मिमीचा फोर्कही त्याच वाटेवरचा. उलट, आर15च्या नव्या मॉडेलचा 37 मिमीचा फोर्क बघून कुणी तो आरएक्स 100ला लावायला निघाला असेल, तर त्यानेही आधी वजनाचा काटा बघावा. शंभर किलोच्या गाडीला एकशे चाळीस किलोवालीची स्प्रिंग लावली की पुढचं चाक रस्त्यावर टेकत नाही, नाचतं.

ड्यूकमध्येही फरक आहेत. 2013 ते 2016च्या गाडीचा फोर्क 150 मिमी चालीचा (म्हणजे तेवढा वर-खाली होणारा), त्यावर 300 मिमीची डिस्क. 2017 नंतर चाल 142 मिमी आणि डिस्क 320 मिमी. दोन्हींत बाहेरून फिरवून सेटिंग बदलायला काही नाही. सगळ्यात नव्या पिढीत कॉम्प्रेशन (दबणं) आणि रिबाउंड (परत उसळणं) जुळवायला पाच-पाच क्लिक मिळतात, पण तो सेट भंगारात क्वचित येतो. आरडीसाठी पहिल्या पिढीचा सेट पुरेसा आहे. 300ची डिस्क या गाडीला रग्गड झाली, 320साठी जास्त पैसे मोजू नका.

सेट म्हणजे दोन्ही पाय, वरची-खालची टी (दोन्ही पाय धरून ठेवणारे क्लॅम्प), ॲक्सल आणि त्याचे स्पेसर, चाक, डिस्कप्लेट, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर, हे सगळं एकाच गाडीचं. असा सेट बहुतेक वेळा अपघाताच्या गाडीचाच असतो, म्हणून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पाइप काढून जाड काचेवर लोळवा. काचेच्या आणि पाइपच्या मधून फट उघडझाप करताना दिसली तर पाइप वाकलेला आहे. तो सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. क्रोमवरून नख फिरवा. तेल अडवणारं सील ज्या पट्ट्यात घासतं तिथे नख अडकलं तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. कॅलिपर जिथे बसतो त्या कानाच्या मुळाशी बारीक चीर आहे का ते घासलेट लावून, पुसून, मग खडूची पूड टाकून बघा. चीर असेल तर काळी रेघ उमटते. आणि बिल घ्या, त्यावर मूळ गाडीचा चासी नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे सुटे भाग घरात सापडणं कुणाला परवडत नाही.

आता मुख्य काम, टीचा दांडा. हा दांडा चासीच्या पुढच्या नळीत, म्हणजे हेडपाइपमध्ये, फिरतो आणि ड्यूकचा दांडा आरडीच्या हेडपाइपमध्ये थेट बसत नाही. जाडी, लांबी, बेअरिंगच्या जागा, सगळं वेगळं. सोडवणुकीचे दोन मार्ग आहेत. पहिला, ड्यूकचाच दांडा ठेवून बेअरिंग बदलणं. आरडीत सुट्या गोळ्यांचा कोनसेट असतो, तो काढून टेपर रोलर घालायचे. व्हर्नियरने हेडपाइपचा आतला व्यास आणि दांड्याचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि मग बेअरिंगवाल्याकडे जायचं. बेअरिंगचे नंबर आणि मापं (आतला बाय बाहेरचा व्यास, मिमीत) अशी: 32005 हे 25 बाय 47, 30205 हे 25 बाय 52, 320/28 हे 28 बाय 52, 32006 हे 30 बाय 55. यातलं कुठलं जवळ जातं ते बघून उरलेली फट स्टीलच्या बुशने भरायची. बुशची भिंत 2 मिमीपेक्षा पातळ ठेवू नका, ठोकताना ती अंडाकृती होते. आणि बेअरिंग बसावं म्हणून हेडपाइप आतून कातून मोठा करायचा नाही. आरडीच्या चासीत परत न येणारी गोष्ट हीच.

दुसरा मार्ग, खालच्या टीत नवा दांडा ठोकणं. लांबी जुळत नसेल तर हाच मार्ग. आधी टीला चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियम असेल तर टी साधारण 120 ते 150 अंशांपर्यंत गरम करून जुना दांडा प्रेसवर निघतो. गॅसची ज्योत थेट मारू नका, ओव्हन वापरा. नवा दांडा ईएन 24 या मजबूत मिश्र पोलादाचा कातून घ्यायचा, भोकापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी जाड, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि टी गरम असताना एका दमात दाबायचा. खालून कॉलर, वर सर्कलिप किंवा नट, म्हणजे फिट सैल पडली तरी दांडा निसटणार नाही. गोव्यात वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या औद्योगिक वसाहतींत इतक्या टॉलरन्सचं काम करणारे टर्नर आहेत. मात्र ड्रॉइंग कागदावर, मापांसकट नेऊन द्या. "थोडं टाइट ठेव" एवढ्यावर सोडलेलं काम थोडं सैलच येतं. ॲल्युमिनियमच्या टीला दांडा वेल्ड करून देतो म्हणणारेही भेटतील. तिथे थांबूच नका.

टेपर बेअरिंग घट्ट करताना नट आधी आवळून, हँडल दोन-चार वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवून, मग सैल करायचा. पुढचं चाक हवेत असताना हँडल मधून हलकं ढकललं की आपोआप बाजूला पडलं पाहिजे. मध्येच अडकलं तर बेअरिंग जास्त आवळलंय, आणि रस्त्यावर गाडी साप चालल्यासारखी जाणार.

यानंतर उंची आणि ट्रेल, म्हणजे दांड्याची रेषा जमिनीला जिथे लागेल तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. इथे बहुतेक कस्टम गाड्या फसतात, कारण उभी गाडी छान दिसते आणि मोजायचं कुणाला सुचत नाही. आरडीचं मूळ चाक 18 इंची, 3.00चा टायर. ड्यूकचं 17 इंची, 110/70. नुसत्या चाकामुळेच पुढचा ॲक्सल जवळजवळ 15 मिमी खाली येतो. आरडीचा व्हीलबेस सुमारे 1320 मिमी, म्हणजे पुढून 23 मिमी खाली आलं की रेक (दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल) एक अंशाने उभा होतो. म्हणून खालच्या बेअरिंगपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं माप आधी जुन्या फोर्कचं घ्या, मग नव्याचं, आणि पाय टीमधून वर-खाली सरकवून हिशेब जुळवा.

ट्रेलचा हिशेब असा: चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट (ॲक्सल दांड्याच्या रेषेपुढे जितका असतो ते अंतर) वजा, आणि उत्तराला रेकच्या कोसाइनने भागायचं. पहिल्या पिढीच्या ड्यूकच्या चाकाची त्रिज्या 293 मिमी, रेक 25 अंश, ट्रेल 100 मिमी, म्हणजे तिचा एकूण ऑफसेट 33 मिमीच्या आसपास निघतो. तीच टी आरडीला लावून रेक 27 अंश राहिला तर ट्रेल 112 मिमी येतो, 25 राहिला तर 100. दोन्ही चालतात. गडबड होते ती नवी सीएनसी टी बनवून घेताना. जुन्या गाड्यांचा ऑफसेट मोठा असतो. तो 50 मिमीच्या आसपास तसाच उतरवला आणि चाक 17चं लावलं, तर 25 अंशांवर ट्रेल 81 मिमीवर येतो. झुआरीच्या नव्या पुलावर आडवा वारा लागला की मग ते हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं.

स्प्रिंगा काढून फोर्क एकदा पूर्ण खाली दाबून बघायलाच हवा. टायर आणि खालची टी, टायर आणि सायलेन्सरचे बेंड पाइप यांच्यात 15 ते 20 मिमी फट राहिली पाहिजे. आरडीचे बेंड पुढूनच बाहेर पडतात, त्यामुळे टायर लागला तर तिथेच लागतो.

हँडलचा लॉक, म्हणजे ते टोकापर्यंत किती वळतं, तेही लगेच बघा. यूएसडीच्या वरच्या नळ्या जाड असतात, त्या टाकीला धडकतात. चासीवरचा जुना स्टॉपर नव्या टीला लागतच नाही. टीवर बोल्टने बसणारा स्टॉपर बनवून घ्या, पण टाकी वाचवायच्या नादात लॉक इतका कमी करू नका की गाडी वळेनाशी होईल. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत गाडी चढवून, दोन गाड्यांच्या मधून वळवून उभी करता आली पाहिजे. दोन्ही बाजूंना तीसेक अंश तरी हवेत.

तेल भरताना मिलिलिटर मोजण्यापेक्षा पातळी मोजा. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण दाबलेला, आणि वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर दोन्ही पायांत सारखं. नेमका आकडा त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. चालकासकट सॅग, म्हणजे वजनाने फोर्क जितका खाली बसतो तो, 150 मिमी चालीच्या फोर्कला 35 ते 45 मिमी आला पाहिजे. जास्त आला तर स्प्रिंगवर स्टीलचा स्पेसर वाढवा. टीचे क्लॅम्प बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. लांब पान्याने आवळले की नळी आत दबते, पाइप अडकत चालतो आणि दोष मात्र बिचाऱ्या सीलला दिला जातो.

ब्रेकचं सोपं आहे. कॅलिपर ज्या गाडीचा, मास्टर सिलिंडर त्याच गाडीचा. आरडीचं 22 मिमीचं हँडल त्याला चालतं. एबीएसचा मॉड्यूल सोडून देऊन मास्टरपासून कॅलिपरपर्यंत एकच ब्रेडेड होज टाकायचा. स्पीडोमीटरची केबल मात्र गेलीच, कारण ड्यूकच्या चाकात ती लावायला जागा नाही. डिजिटल किंवा जीपीएसवाला मीटर लावा.

चालवायला कशी? चोर्ला घाटात फरक पहिल्याच वळणात कळतो. ब्रेक दाबून वळणात शिरताना तोंड खुपसत नाही, धरलेली रेघ सुटत नाही. पण गावातल्या पेव्हरवर आणि लागोपाठच्या बारीक गतिरोधकांवर जुना फोर्क मऊ होता हे मान्य करावं लागेल. हा तिथे टकटक कळवत राहतो. शिवाय पुढचं इतकं ताठ झालं की मागचं उघडं पडतं. स्विंगआर्मचे झिजलेले बुश बदलून पितळी बुश घाला, मागचे शॉकअप मूळ मापाचे पण नवे, चांगले घ्या. मागे मोनोशॉक लावण्यासाठी चासी कापायचा मोह टाळा. त्यातून मिळतं ते फोटोपुरतं. डिस्कचा जोर हेडपाइपच्या वेल्डवर येतो, तेव्हा रंग काढून तिथे डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणाऱ्या रंगाची) चाचणी करूनच जोडणीला हात घाला.

गोव्यात या फोर्कचे दोन शत्रू आहेत. एक खारी हवा. किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या गाडीच्या पाइपवर बारीक लाल ठिपके येतात आणि तिथूनच सील फाटायला लागतं. दुसरी तांबडी माती. यूएसडीत चकचकीत पाइप खाली चाकाजवळ असतो, पावसात उडालेला चिखल त्यावर वाळतो आणि पुढच्या खड्ड्याला सँडपेपरसारखा सीलखालून जातो. गळणारं तेलही थेट कॅलिपरवर उतरतं, म्हणून सीलची गळती इथे किरकोळ समजू नये. दिसायला कितीही वाईट दिसो, पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि ड्यूकचे प्लास्टिकचे फोर्क गार्ड ठेवाच. पावसाळ्यात गाडी आली की पाइप गोड्या पाण्याने धुऊन, पुसून सिलिकॉन स्प्रेचा हात फिरवायचा. काम काढायचं तर चवथ (गणेशचतुर्थी) आणि पाऊस दोन्ही आटोपल्यावर काढा. दमट हवेत उघडे पाइप आठवडाभर पडले तर तेवढ्यातही गंज धरतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल पाहता, आरसीवरच्या नोंदींपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हीलबेस आणि वजन या नोंदी आरसीवर असतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही हाच मुद्दा निघतो. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्या. जुना फोर्क, टी, ड्रमचं चाक आणि स्पीडोची केबल तेल लावून, गुंडाळून, लेबल लावून ठेवा. चासी कापलेली नसेल तर एका दिवसात गाडी पुन्हा मूळ रूपात येते, आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्याचाच विचारतं.