विचर: कानाने ऐकावा की कागदावर वाचावा?

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा व्हिडिओ गेम संपवलेल्या माणसाला पुस्तकांची ओढ लागतेच. वाचायचं हे ठरलेलं असतं, अडतं ते पुढे. पोलिश लेखक आंजेय सापकोव्स्कीची, पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्ट या ‘विचर’ची ही सगळी पुस्तकं पेपरबॅकमध्ये घरी आणायची, की मोबाइलवर ऑडिओबुक लावून लोकलमध्ये ऐकत जायचं? ऑफिसातली गेम खेळणारी मुलं मला हे विचारतात तेव्हा त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. मला ते तसं देता येत नाही, कारण मी दोन्ही केलंय. ठाणे ते बेलापूर या रोजच्या प्रवासात काही पुस्तकं आधी ऐकली आणि नंतर वाचली, काहींचं उलट झालं. माझा कल एका बाजूला आहे. पण दुसरी बाजूही मला मनापासून आवडते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो.

त्याआधी एक मुद्दा. सीडी प्रॉजेक्ट रेड या कंपनीचे तिन्ही विचर गेम (२००७, २०११ आणि २०१५चे) पुस्तकांच्या नंतरच्या काळात घडतात, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यामुळे गेम खेळून पुस्तकांकडे आलेला वाचक ‘पुढे काय होणार’ यासाठी वाचत नसतो, तो मागचं शोधत असतो. स्केलिगे बेटांजवळच्या समुद्रात गेराल्टची प्रेयसी, चेटकीण येनेफर त्या जिनीच्या मागे का लागते? मुलीसारख्या असलेल्या सिरीसाठी गेराल्ट जग पालथं का घालतो? ‘ब्लड अँड वाइन’ या तिसऱ्या गेमच्या पुरवणीत जुना मित्र रेगिस समोर आल्यावर गेराल्ट जागच्या जागी का थबकतो? या सगळ्याची मुळं पुस्तकांत आहेत. म्हणूनच कोणती गोष्ट कशाच्या आधी घडली आणि कोणाला काय केव्हा कळलं, याला या वाचकाच्या लेखी फार किंमत असते. निवड करताना हे ध्यानात ठेवा.

आता ऑडिओ. पीटर केनी या नटाने ही मालिका इंग्रजीत वाचली आहे, आणि फार सुंदर वाचली आहे. बुटके, चेटकिणी, दारू पिऊन बरळणारे सरदार, खेड्यातले घाबरट कारभारी, प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी. सापकोव्स्कीला हे शोभतंही, कारण त्याचं लेखन संवादांवर चालतं. गेराल्टची पहिली कथा त्याने ‘फान्तास्तिका’ या पोलिश मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिली आणि ती १९८६ साली छापून आली. मासिकाच्या पानांत मावेल एवढीच, आणि पहिल्या परिच्छेदात पकड घेणारी. पुढच्या कथांचा घाटही तोच. दोन माणसं समोरासमोर बसतात आणि घासाघीस करतात: राक्षस मारायचे किती घेणार, आणि मुळात राक्षस कोण? अशा कथा ऐकण्यात जी गोडी आहे ती मी नाकारणार नाही. त्यातली भुतंही आपल्याला परकी वाटत नाहीत. ज्याने लहानपणी कोकणात मुंजा आणि गिऱ्ह्याच्या गोष्टी रात्री अंथरुणात ऐकल्या आहेत, त्याला राजकन्येची झालेली स्ट्रिगा (शापाने राक्षसीण झालेली मुलगी) अंधारात ऐकताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

गर्दीचा मुद्दा तर उघड आहे. सकाळच्या ट्रान्स-हार्बर गाडीत ठाण्याला शिरल्यावर सॅक पुढे घेतलेली असते, एक हात वरच्या हँडलला असतो, आणि ऐरोली, रबाळे, घणसोलीला ऑफिसची माणसं उतरेपर्यंत पुस्तक उघडण्याइतकीही जागा होत नाही. कानात मात्र कथा चालू राहते. ‘द लास्ट विश’ हा पहिला कथासंग्रह दहा तासांच्या आसपासचा आहे, जाऊन-येऊन आठवड्या-दीड आठवड्यात संपतो. आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजीत या मालिकेचे अनुवादक दोन आहेत: ‘द लास्ट विश’ आणि ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’ दानुसिया स्टोक यांनी केलं, पुढचं डेव्हिड फ्रेंच यांनी. कागदावर हा सांधा जाणवतो, वाक्यांची चाल बदलते. केनीच्या आवाजात तो जवळजवळ बुजून जातो.

गेमवाल्यांना मात्र सुरुवातीला एक गोष्ट खटकेल. आपल्या कानात गेराल्ट म्हणजे गेममध्ये त्याला आवाज देणाऱ्या डग कॉकलचा तो खर्जातला, थकलेला आवाज. केनीचा गेराल्ट वेगळा आहे. वाईट नाही, वेगळा. काही दिवसांत सवय होते. कागदावर हा प्रश्नच येत नाही, वाचताना मला अजूनही कॉकलच ऐकू येतो.

दुसरी बारीक गोष्ट ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ या दुसऱ्या कथासंग्रहातल्या ‘अ लिटल सॅक्रिफाइस’ या कथेची. तिचा शेवटचा परिच्छेद काय आहे ते सांगत नाही, पण तो वाचून झाल्यावर माणसाला जरा वेळ काही नको असतं. ऑडिओत काही सेकंदांत पुढची कथा सुरू होते. थांबवता येतं, अर्थातच. पण त्यासाठी फोन खिशातून काढायला हात मोकळा हवा, आणि तोवर सुरुवात कानावर पडलेली असते.

एवढ्यावर मी ऑडिओ सोडला नसता. ज्या त्रासाने माझं ठरलं तो पुढे आहे, सहाव्या पुस्तकात.

‘बॅप्टिझम ऑफ फायर’ या पाचव्या पुस्तकापर्यंत गोष्ट बऱ्यापैकी सरळ चालते. तो भाग तर ऐकायला फारच छान. गेराल्ट, त्याचा कवी मित्र डँडेलियन, मिल्वा, रेगिस, काहिर अशी एकमेकांवर विश्वास नसलेली टोळी एकत्र चालते, भांडते, नदीकाठी माशांचं सूप शिजवते, आणि त्या भांडणांतूनच जवळ येते. त्यानंतर ‘टॉवर ऑफ द स्वॉलो’मध्ये (मूळ पोलिश १९९७) सापकोव्स्की मांडणीच बदलतो. दलदलीतल्या झोपडीत म्हातारा व्हायसोगोटा जखमी सिरीची शुश्रूषा करतोय आणि ती त्याला मागची हकिगत सांगतेय. हा एक धागा. केना सेलबोर्न नावाची बाई न्यायासनापुढे साक्ष देतेय, बरीचशी त्याच घटनांबद्दल, पण नंतरच्या काळातून आणि विरुद्ध बाजूने. हा दुसरा. डँडेलियन प्रवासात आपल्या आठवणी लिहितोय, आणि त्याला जे वाटतं आणि प्रत्यक्षात जे घडतं त्यात फरक आहे. हा तिसरा. शिवाय सिरीच्या मागावर असलेल्या बोनहार्टचा पाठलाग चालू आहेच. हे धागे लेखक प्रकरणागणिक बदलत नाही, प्रसंगाच्या मध्यातच बदलतो. एक वाक्य झोपडीत संपतं, पुढचं न्यायासनासमोर सुरू होतं.

कागदावर या दोन वाक्यांच्या मध्ये कोरी जागा असते. डोळ्याला ती आधीच दिसते आणि मन सावध होतं. ऐकताना तिथे असतो फक्त एक श्वास. केनी तो श्वास नीट घेतो, त्याची काही चूक नाही. पण तुर्भ्याला कोणाची सॅक खांद्याला लागली, पुढच्या स्टेशनची घोषणा झाली, नेमका त्याच वेळी घरून फोन आला, की तो श्वास निसटतो. मग मिनिटभर मी झोपडीतच आहे असं समजून साक्ष ऐकत राहतो, आणि काहीतरी जुळत नाही असं वाटायला लागतं.

मग मागे जायचं. पण किती? ॲपमध्ये ठरावीक सेकंद मागे नेणारं बटण असतं. ते दोनदा दाबावं तर अजून साक्षच चालू, दहादा दाबावं तर डँडेलियनच्या वहीत जाऊन पोचलो. मला शोधायचं असतं की झोपडी शेवटची कुठे सोडली. ॲपला कळतात फक्त सेकंदं. पुस्तकात मी बोट घालून चार पानं मागे जातो, ‘हां, इथे ती त्याला बर्फाबद्दल सांगत होती’ म्हणतो आणि परत येतो. हे करायला स्टेशन जाण्याइतकाही वेळ लागत नाही.

‘लेडी ऑफ द लेक’ (मूळ १९९९) यात आणखी पुढे जातं. सिरी आपली कथा एका अनोळखी शूराला सांगतेय. कित्येक वर्षांनंतर निमुए आणि कॉन्डविरामर्स या दोघीजणी तळ्यातल्या बेटावरच्या मनोऱ्यात बसून तीच कथा स्वप्नांतून जुळवू पाहताहेत. ब्रेनाच्या लढाईचं प्रकरण एका तोंडून येतच नाही, कधी सैनिकांत, कधी सेनापतींजवळ, कधी जखमींच्या तंबूत हातपाय कापणाऱ्या शल्यविशारदाशेजारी आपण उभे असतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं ते सर्वांत थोर प्रकरण आहे. ऐकून मला त्याचा आवाज कळला. आकार कळला तो वाचल्यावरच.

प्रकरणांच्या सुरुवातीला येणारे उतारेही यातच धरा. काल्पनिक विश्वकोश, इतिहासग्रंथ, कुणाची पत्रं यांतले हे तुकडे पुष्कळदा पुढे घडणाऱ्या गोष्टींवर उजेड टाकतात. मी प्रकरण संपलं की परत पहिल्या पानावर जाऊन उतारा वाचतो, आणि बहुतेक वेळा तो आता वेगळाच अर्थ घेऊन उभा राहतो. ऑडिओत हे शक्य आहे, पण मी एकदाही केलं नाही, आणि मला वाटतं फार थोडे लोक करत असतील.

नावांचं पण तसंच. काहिर मॉर डिफ्रिन एप केलाख. हे नाव कानावरून वाहून जातं. ‘टाइम ऑफ कंटेम्प्ट’ या चौथ्या पुस्तकातल्या थानेड बेटावरच्या मेजवानीत तर जादूगारांची रांगच लागते, आणि त्यातल्या कोणाची बाजू कोणती हे पुढच्या प्रकरणात कळीचं ठरतं. माझ्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने केलेली यादी आहे. गाडी रिकामी झाल्यावर, नेरूळ यायच्या आत, दोन-तीन नावं त्यात भर पडायची.

कागदाचा त्रासही सांगायला हवा. ‘लेडी ऑफ द लेक’ पाचशेच्या वर पानांचं आहे, ते सॅकमध्ये जाणवतं आणि एका हाताने उघडं धरवत नाही. जुलैत प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय बाहेर काढू नये. घणसोलीपर्यंत उभ्याने काहीच वाचून होत नाही, म्हणजे प्रवासाचा बराच भाग वाया. इंग्रजी वाचनाची फार सवय नसेल तर शस्त्रांची आणि चिलखतांची जुनाट नावं पावलोपावली अडवतात. ऐकताना आपण ती सहज ओलांडून जातो. पैसेही एकदम जास्त जातात. वर्गणी भरून महिन्याला एक ऑडिओबुक घेणं खिशाला सोपं.

ई-रीडरचं विचाराल तर तो वाईट नाही. वजन नाही, रात्री दिवा लागत नाही, नाव शोधून देतो. पण त्याच्यावर मला जागेची आठवण राहत नाही, आणि या मालिकेत मला नेमकी तीच लागते. ज्यांना राहते त्यांनी जरूर घ्यावा.

आणखी एक बाजू कदाचित माझ्या गावामुळे मला मोठी वाटते. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. पुस्तक एकाने वाचून दुसऱ्याला देणं इथे घरोघरी मुरलेलं आहे. माझा संच सोसायटीतल्या दोन मुलांकडून फिरून आलाय, आता शेजारच्या काकूंची लेक वाचतेय, आणि पेन्सिलीच्या यादीत तिच्या अक्षरातली नावं दिसू लागली आहेत. ऑडिओबुक माझ्या खात्यात पडून आहे. ते मी कोणाला देऊ शकत नाही.

तेव्हा, तुमचा प्रवास पूर्णवेळ उभ्याने होत असेल, किंवा गाडी चालवत ठाण्याहून महापेला जाणं-येणं असेल, तर ऑडिओ घ्या आणि बिनधास्त घ्या. दोन कथासंग्रह आणि ‘बॅप्टिझम ऑफ फायर’ ऐकण्यात तुमचं काही बुडणार नाही. दोन्ही परवडत असेल तर शेवटच्या दोन कादंबऱ्या तरी कागदावर वाचा. आणि एकच घ्यायचं असेल, गेममधल्या सिरीचा माग काढायचा म्हणून घ्यायचं असेल, तर मी कागदच घेईन.

विकत घेताना एक बघा. बऱ्याच ठिकाणी ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’वर पहिला क्रमांक असतो, कारण ती पाच कादंबऱ्यांतली पहिली. पण तिच्याआधी दोन्ही कथासंग्रह वाचायचे असतात. इंग्रजीत ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’ २००८ला आलं आणि ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ थेट २०१५ला, त्यामुळे हा दुसरा संग्रह पुष्कळांच्या वाचनातून सुटतो. गेराल्ट आणि सिरी ब्रोकिलोनच्या जंगलात पहिल्यांदा भेटतात ती कथा त्यातच आहे, तेव्हा संचात तो आहे ना हे बघूनच पैसे द्या. ‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ ही नंतर आलेली कादंबरी शेवटी ठेवा. त्यातला काळ पहिल्या संग्रहाच्या आसपासचा असला तरी त्याचा समारोप सगळी मालिका वाचलेल्यालाच पुरता कळतो. ‘क्रॉसरोड्स ऑफ रेव्हन्स’ गेराल्टच्या तरुणपणाचं आहे, सरळ एका धाग्याचं. ते हवं तर लोकलमध्ये ऐका.