ओटीजीत भाजलेला मसालेदार टोफू: गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) भाजला जातो. मुलगा जिमला जायला लागला, त्याला प्रोटीन हवं. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि रोज पनीर म्हटलं की यांचं कोलेस्टेरॉल आडवं येतं. एवढे महिने करून माझं एक मत पक्कं झालंय. टोफूला चव येते ती रात्रभर मुरवल्यामुळे नाही. आधी त्यातलं पाणी किती काढलं आणि भाजून बाहेर आल्यावर, गरम असतानाच, त्याला पुन्हा काय चोपडलं, सगळी मेख या दोन गोष्टींत आहे.

आधी खरेदीचं. आमच्या नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत 200 ग्रॅमची पाकिटं सहज मिळतात. पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या डेअरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, ताजं पनीर न्या ना, ते कशाला?" पाकीट उचलताना मागचा तक्ता जरूर वाचा. घट्ट टोफूत 100 ग्रॅममागे साधारण 12 ते 17 ग्रॅम प्रोटीन असतं. आकडा याच्या बराच खाली असला की तो टोफू मऊ, पाणीदार निघतो आणि भाजताना त्याचा चुरा होतो. घटकांमध्ये दूध फाडायला वापरलेल्या पदार्थाचा क्रमांक असतो. 516 लिहिलेलं असेल तर सोयाचं दूध कॅल्शियम सल्फेटने फाडलंय, म्हणजे थोडं कॅल्शियमही पोटात जातं. 511 म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड. 575 असेल तर तो बहुधा दह्यासारखा गुळगुळीत प्रकार असतो. सूपात छान, आपल्या कामाचा नाही.

आता पाणी. पाकिटातून काढलेला टोफू भिजलेल्या स्पंजासारखा असतो, आत जागाच नसते, तर सॉस शिरणार कुठून? मी वडी आडवी चिरून दोन जाड पाट्या करते, जुन्या धुतलेल्या पंचात गुंडाळते आणि वर वरवंटा ठेवते. वरवंटा गोल, तो घरंगळतो, म्हणून मध्ये पोळपाट. अर्ध्या तासात पंचा पिळण्याइतका ओला होतो. घाईच्या दिवशी दुसरी युक्ती: चौकोनी तुकडे करून चांगल्या खारट, उकळीला आलेल्या पाण्यात घालायचे, गॅस बंद करून पंधरा मिनिटं तसेच ठेवायचे आणि निथळून कापडावर पसरायचे. वाचायला उलटं वाटतं, पण गरम मिठाच्या पाण्यात टोफू आतलं पाणी सोडतो, मीठही गाभ्यापर्यंत जातं आणि तो कच्चट सोयाचा वासही उतरतो. आता मी बहुतेक वेळा हेच करते.

मॅरिनेडमध्ये, म्हणजे मुरवायच्या रसात, तेल घालू नका. पनीर टिक्क्याला आपण दही-तेलाचा दाट लेप देतो, पण टोफूच्या अंगात पाणी असतं, तेल वरच्या वर राहतं आणि सॉसची वाट अडवतं. 400 ग्रॅम टोफूसाठी माझं माप असं: साधा सोया सॉस दोन मोठे चमचे, लिंबाचा रस एक मोठा चमचा, किसलेलं आलं, चार पाकळ्या लसूण ठेचून, लाल तिखट अर्धा चमचा आणि घरचा काळा मसाला एक छोटा चमचा. काळ्या मसाल्याची कल्पना सासूबाईंची. पहिले काही आठवडे मी तिळाचं तेल-व्हिनेगर असं पुस्तकी करत होते, तेव्हा त्या एक तुकडा खाऊन ताट बाजूला सारायच्या. मग एकदा म्हणाल्या, "अगं, सपक आहे गं हे, मिसळीचा मसाला तरी घाल." खोबरं आणि दगडफूल भाजल्याचा जो वास काळ्या मसाल्याला असतो, तो ओव्हनच्या कोरड्या आचेत असा काही उठून येतो की सोया सॉस आपोआप मागे सरतो. डार्क सोया सॉस मात्र टाळा, त्यात रंग आणि साखर जास्त, कडा काळ्या पडून कडू होतात.

अर्धा तास मुरवलेला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला असे दोन्ही एकाच ट्रेमध्ये भाजून घरात कुणाला न सांगता वाढले. ओळखता आलं फक्त मुलाला, आणि तोही रात्रभरवाल्याला "जास्त खारट" म्हणाला. तेव्हापासून अर्धा तास, फार तर तास.

भाजायच्या आधी तुकडे निथळून घ्यायचे, उरलेला रस वाटीत राखून ठेवायचा. तुकड्यांवर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलक्या हाताने टॉस करायचं, मग दोन चमचे तेल. ओटीजी 200 अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. पंधरा मिनिटांनी चिमट्याने एकेक तुकडा उलटायचा, मग पुन्हा दहा ते पंधरा. तुकडे एकमेकांना चिकटले तर वाफेवर शिजतात, भाजत नाहीत, म्हणून मध्ये बोटभर अंतर हवं. आमच्या ओटीजीची (कंपनीचं नाव राहू द्या) मागची बाजू जास्त तापते, आणि बटणावरचे 200 हे प्रत्यक्षात 200 असतीलच असं नाही. त्यामुळे उलटताना ट्रेही फिरवते. खाली बेकिंग पेपर लावाच. फॉइलला टोफू असा चिकटतो की खरपूस बाजू फॉइलवर आणि फिकी बाजू ताटात.

शेजारच्या वहिनींच्या एअर फ्रायरमध्येही करून बघितला. वेळ निम्मा लागतो, कडा जास्त कुरकुरीत होतात, पण एका वेळी जेमतेम एका माणसापुरता मावतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात वातड लागतो. चार माणसांच्या घराला ओटीजीच बरा.

आणि आता दुसरा हात. वाटीतला राखलेला रस छोट्या कढईत घालून त्यात चमचाभर गूळ टाकायचा, दोन मिनिटं उकळून चिकटसर करायचा आणि ओव्हनमधून निघालेल्या तुकड्यांवर लगेच ओतून हलवायचं. भाजून कोरडा झालेला टोफू तो रस असा पितो की भांड्याच्या तळाशी काही उरत नाही. गोडवा इथेच घालायचा, आधी नाही. गूळ 200 अंशांत जळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं स्वस्त झाली की मी गुळाच्या जागी काळ्या द्राक्षांचा रस आटवून घालते. मूठभर द्राक्षं कुस्करून गाळली की पुरे. आंबटगोड, किंचित तुरट अशी चव येते, आणि ती कुठल्याच बाटलीत मिळत नाही. नाशकात राहून हे केलं नाही तर काय उपयोग!

चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी लसणाऐवजी हिंग आणि जास्तीचं आलं. खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडला. मिठाचं मात्र बघा. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 च्या आत राहायला सांगते. मिठाच्या पाण्याची युक्ती केली असेल तर सोया सॉस निम्मा करा, बाकी लिंबू आणि पाणी. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाचा पदार्थ यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. किती ते डॉक्टरांना विचारा.

खायला कशासोबत? बाजरीची भाकरी आणि वर कच्चा कांदा, यात वाद नाही. डब्यात पोळीच्या रोलमध्येही छान. मुलाने मिसळीत फरसाणाऐवजी घालून बघितला. माझ्या मते तो प्रकार सोडून द्यावा, तर्रीत पडल्यावर दोन मिनिटांत सगळा कुरकुरीतपणा जातो आणि मिसळही बिचारी धड राहत नाही. तो ऐकत नाही.

घरी सोयाबीन भिजवून टोफू करण्याचाही प्रयोग झाला. दूध गाळण्याआधी आणि नंतर मिळून चांगलं खळखळून उकळावं लागतं, कच्चं सोयाबीन पचत नाही, आणि ते दूध उकळण्याच्या आधीच फसफसून वर येतं, त्यामुळे पातेलं मोठंच हवं. लिंबाने फाडलेला घरचा टोफू मऊ होतो. भुर्जीला एक नंबर, भाजायला नाही. चोथ्याची थालीपीठं मात्र इतकी खुसखुशीत झाली की सासूबाईंनी तेवढ्यासाठी पुन्हा करायला सांगितलं.

पाकीट उघडून उरलेला टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचा, पाणी रोज बदलायचं, तीन-चार दिवसांत संपवायचा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये टाका. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात, वितळल्यावर तिथे छिद्रं राहतात आणि हाताने दाबलं तरी पाणी सुटतं; वरवंट्याची गरज उरत नाही. पोत थोडा चिवट होतो, रंग पिवळट. यांना तो आवडतो, मला नाही. ओव्हन नसेल तर बिडाच्या तव्यावर, थोड्या तेलात, मध्यम आचेवर चारही बाजूंनी परतून शेवटी तोच रस ओता. कडा ओव्हनइतक्या सारख्या होत नाहीत, वीस मिनिटं उभं राहावं लागतं, पण चवीत उणं काही नाही. केवळ टोफूसाठी ओटीजी घेऊ नका.