निळा ड्रम घ्यावा की हजार लिटरची आयबीसी टाकी?

आमच्या छोट्या युनिटला लिक्विड साबणाचा कच्चा माल लागतो, त्यामुळे दोन्ही वापरून झालंय (आयबीसी म्हणजे लोखंडी जाळीतली चौकोनी प्लास्टिकची टाकी). 200 लिटरचा निळा एचडीपीई (जाड टणक प्लास्टिक) ड्रम रिकामा जेमतेम 8-10 किलोचा, भरलेला असला तरी सवयीचा माणूस तिरका करून बुडाच्या कडेवर गरगर फिरवत नेतो, फोर्कलिफ्ट वगैरे काही नको. पण माल काढायचा म्हणजे वरच्या बुचातून पंप घालायचा, आणि तळाशी दोन-तीन लिटर उरतोच, मग ड्रम आडवा करा, खाली बादली धरा, सगळी फरशी चिकट.

आयबीसीला खाली 2 इंची व्हॉल्व्ह असतो, तळ त्याच्याकडे उतरता, त्यामुळे जवळपास सगळा माल निघतो. जागेचं तर विचारूच नका, 1200 बाय 1000 मिमीच्या पॅलेटवर हजार लिटर, जवळपास तेवढ्याच जागेत ड्रम चारच बसतात म्हणजे 800. पण भरली की टनाच्या वर, हँड पॅलेट ट्रक तरी हवाच आणि फरशी सपाट हवी, आमची नव्हती, चाक खड्ड्यात अडकलं आणि चौघं तासभर ढकलत बसलो 😅

ॲसिडवाल्यांनी टाकीच्या प्लेटवरची डेन्सिटी (किती जड माल चालतो ते) आधी बघा, सल्फ्युरिक पाण्याच्या 1.84 पट जड असतं, प्रत्येक टाकीला ते झेपत नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीला दोन्हींची मुदत साधारण बनवल्यापासून 5 वर्षं, सेकंडहँड घेताना तारीख बघाच.

महिन्याला 2-3 ड्रम लागत असतील तर टाकीच्या नादी लागू नका.