लाईट गेली की टनेलही जाते: केळीच्या चेंबरवर एफआरपी वापरल्यानंतर

एफआरपी हा प्रोग्राम आपल्या संगणकावरचे पान भाड्याच्या सर्व्हरमार्फत, म्हणजे टनेलमधून, इंटरनेटवर उघडतो; तो कसा बसवावा, याची माहिती सगळीकडे मिळते. वीज जाऊन परत आल्यावर त्याचे काय होते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. सावद्याला आमची केळी पिकवण्याची चेंबर आहेत, तेथील तापमान एका छोट्या संगणकावरच्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरमध्ये नोंदले जाते आणि मी बहुतेक वेळ जळगावला असतो. माल पिकत असताना चेंबर १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कूलिंग बंद पडले तर नुकसान व्हायला फार वेळ लागत नाही.

राउटरला मिळणारा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅटमागचा (अनेक ग्राहकांत वाटलेला, बाहेरून थेट न पोहोचणारा) होता, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा प्रश्नच नव्हता. स्थिर आयपीसाठी इंटरनेटवाल्याने जे वार्षिक भाडे सांगितले, तेवढ्यात १ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, येतो आणि तो इतर कामांनाही लागतो, म्हणून त्यावरूनच एफआरपी चालवले.

हिवाळाभर तक्रारीला जागा नव्हती. उन्हाळ्यात लोडशेडिंग लांबू लागले, यूपीएसने दम सोडायला सुरुवात केली आणि मग खरा दोष दिसला. वीज आली की संगणक लगेच उठतो, पण फायबरच्या राउटरला जोडणी मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एफआरपीसी (एफआरपीचा चेंबरवरच्या संगणकातला भाग) सर्व्हरकडे पहिले लॉगिन करू पाहतो, ते फसते आणि प्रोग्राम सरळ बंद होतो. चालू टनेल मध्येच तुटले तर हाच प्रोग्राम न कंटाळता पुन्हा जोडत राहतो. पहिल्या लॉगिनच्या बाबतीतच तो इतका मानी का असावा, हे मला कळेना. चेंबरवरचा माणूस फोनवर सांगत असे, "भाऊ, इकडं नेट चालू आहे, तुमचंच पान उघडत नाही." तापमान पाहण्याची सर्वात जास्त गरज वीज गेल्यानंतरच असते, आणि नेमके तेव्हाच टनेल नसते.

उपाय एका ओळीचा आहे: लॉगिनफेलएक्झिट ही सेटिंग मुळात ट्रू असते, ती फॉल्स करावी. जुन्या आयएनआय फाइलींवर आधारलेल्या लेखांत तिचे नाव अंडरस्कोर घालून लिहिलेले असते, ते आताच्या टॉमल प्रकारच्या सेटिंग फाइलीत चालत नाही. केवळ सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) रीस्टार्ट ऑलवेज लिहून भागत नाही, कारण दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडलेली सर्व्हिस सिस्टमडी स्वतःच सोडून देतो. रीस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांमधला वेळ, वाढवावाच लागतो.

येथवर मी या सेटिंगला शुद्ध मूर्खपणा म्हणत होतो. पुढे व्हीपीएसवरचे टोकन (लॉगिनचा गुप्त शब्द) बदलले गेले आणि चेंबरवरच्या संगणकात जुनेच राहिले, तेव्हा मत थोडे बदलले. सर्व्हिस चालू दिसत होती, टनेल मात्र नव्हते, आणि प्रोग्राम मुकाट्याने लॉगिन करत बसला होता. मूळ सेटिंग असती तर तो पडला असता आणि बिघाड लगेच दिसला असता. त्यामुळे आता व्हीपीएसवर अपटाइम कुमा हा देखरेखीचा प्रोग्राम ठेवून पान उघडते की नाही हे बाहेरूनच तपासतो. तरीही लोडशेडिंगच्या मुलखात मूळ सेटिंग उलटी असावी, असेच मी म्हणेन.

सुरक्षेच्या बाबतीत समाधान आहे. एचटीटीपीएस प्रकारचे प्रॉक्सी वापरल्यास एनक्रिप्शन व्हीपीएसवर उघडत नाही, ते थेट चेंबरवरच्या कॅडी या वेब सर्व्हरपर्यंत जाते आणि प्रमाणपत्राची किल्लीही तेथेच राहते. भाड्याच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा नसेल तर हाच मार्ग योग्य. मात्र बाहेरून येणारा प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखा दिसतो, म्हणून येणाऱ्याचा खरा पत्ता पुढे कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल व्ही२ एफआरपीसी आणि कॅडी दोन्हीकडे चालू करावा, नाहीतर चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवताना आपणच अडतो. टू फॅक्टर लॉगिन लावल्याशिवाय पान बाहेर काढूच नये.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर मी या टनेलवर ठेवलेला नाही. त्याचे फर्मवेअर वर्षानुवर्षे अपडेट होत नाही, म्हणून तो वायरगार्ड या व्हीपीएनमधूनच पाहतो. फोनवर आधी व्हीपीएन चालू करावे लागते, याबद्दल काका कुरकुरतात, पण त्यावर तडजोड नाही.