फोनवरचा माइक: सहा महिने बोलून टाइप केल्यावर

ही वस्तू विकत घ्यावी लागत नाही. फोनच्या कीबोर्डवर एका कोपऱ्यात माइकचं चित्र असतं, तेच. भाषा मराठी ठेवायची, चित्रावर बोट टेकवायचं आणि बोलत सुटायचं. "उशीर होईल, कुकर लावून ठेव" एवढंच पाठवणाऱ्यांना ते झकासच वाटणार, त्यांचं मत धरू नका. मी सहा महिने ते पोटापाण्याच्या कामाला लावलं आहे.

मी वाईला कचेरीजवळ टायपिंगला बसते, 1992 पासून. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, कुलमुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र. मजकूर वकिलांचा, बोटं माझी. माइककडे मी हौसेने वळले नाही. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा आला. फोनवर बोलून त्याने आख्खं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं. म्हणाला, "ताई, टाइप नाही करायचं, फक्त प्रिंट मारा. दहा रुपये ना?" त्याच आठवड्यात असे आणखी तिघं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग प्रिंट हातात घेऊन वाचली, तर आजोबांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. ते मी फुकट नीट करून दिलं आणि रात्री स्वतःवरच चिडले. लेक म्हणाली, "आई, तूच वापरून बघ ना एकदा."

माझ्या बोटांना हा तिसरा धक्का. पहिली होती टाइपरायटरची सवय. त्यावर भ, ध, श असली अक्षरं अर्धी मारायची आणि पुढे काना द्यायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर. म्हणजे कागदावर जसं दिसतं तशा क्रमाने बोटं चालायची. कॉम्प्युटर आला तरी फॉन्ट त्याच पद्धतीचे होते, त्यामुळे वर्षानुवर्षं निभावलं. पुढे पुण्याच्या एका वकिलांना दस्त मेल केला आणि त्यांचा फोन आला, "बाई, हे काय पाठवलंत? नुसती चौकोनं आणि इंग्रजी अक्षरं." त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. मग युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी तशीच दिसेल अशी पद्धत, आणि त्यासाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळा क्रम उच्चाराचा. आधी अक्षर, मग वेलांटी. रफारासाठी आधी र, मग हलंत, मग अक्षर. "किंमत" हा शब्द लिहिताना तीन महिने माझं बोट आधी वेलांटीकडे धावायचं. नवं शिकणं जड गेलं नाही. जुनं बोटांतून काढणं जड गेलं.

तर माइक. साधं बोलणं तो फार चांगलं पकडतो, माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं. शुद्धलेखनही बऱ्यापैकी. "दुसऱ्या"मधला अर्धा र नीट येतो, जो पोरांना हाताने टाइप करता येत नाही. जोडाक्षरांना तो अडखळत नाही. अर्ज, पत्र, तक्रार, सोसायटीची नोटीस, इथपर्यंत बिनधास्त वापरा.

दस्ताची भाषा मात्र त्याच्या कानावरून गेलेलीच नाही. खरेदीखतात जमिनीसोबत काय काय विकलं ते सांगणारी एक ठरलेली माळ असते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, तदंगभूत वस्तूंसह. मी एका दमात बोलले. "तरू तृण"चं "तरुण" झालं आणि "तदंगभूत"चं "तरंग भूत". "मयत" म्हटलं की कधी मयत, कधी मैत्री. एका वारसाच्या अर्जात वडील चक्क मैत्री झाले होते. सातबाऱ्यावरचं पोटखराब क्षेत्र, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, तो दर वेळी तोडून "पोट खराब" लिहितो. जमिनीचं माप हेक्टर-आरमध्ये सांगितलं तर आलं "त्रेचाळीस यार". हसू येतं, पण जमिनीच्या कागदात हे हसण्यावारी नेता येत नाही.

गावांची नावं हा वेगळाच विषय. भुईंज, बावधन, पाचवड लगेच आली. शेंदुरजणे म्हटलं की "शेंदूर जाणे". किकली पहिल्या खेपेला "एकली". चतुःसीमेत पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण हे सांगताना शेजाऱ्यांची आडनावं तो आपल्या मनाने गुळगुळीत करतो, आणि ते तर फार वाईट. कारण चूक चुकीसारखी दिसत नाही. टाइपरायटरवर माझं बोट घसरलं की अक्षर वेडंवाकडं दिसायचं, नजर तिथे अडकायची. याच्या चुका सुबक असतात. ओळ वाचताना डोळा सरळ पुढे निघून जातो.

आकड्यांचंही सांगते. दस्तात रक्कम दोनदा लिहायची पद्धत आहे, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. कुणी पुढे शून्य वाढवू नये म्हणून. हा पठ्ठ्या दोन्हीकडे अंकच टाकतो: "अक्षरी रुपये 350000 मात्र". गट नंबर पाचशे अठ्ठेचाळीस सांगितला तर एकदा 548 आणि एकदा 500 अठ्ठेचाळीस. माझ्या फोनवर "पूर्णविराम" म्हटलं तर तो शब्दच लिहून येतो. म्हणून आकडे आणि विरामचिन्हं मी आता बोलतच नाही, जागा मोकळी सोडून नंतर हाताने भरते.

वेळेचा हिशेब: चार पानी वाटणीपत्र मला हाताने सव्वा तास लागतं. बोलून वीस मिनिटं, मग दुरुस्तीला पस्तीस. वीस मिनिटं वाचली, आणि त्याहून जास्त मनगटं वाचली. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटाला पट्टा दिलाय, त्यामुळे माझ्यासाठी हा मोठा मुद्दा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बोलायला लागल्यावर पहिला आठवडा माझ्या तोंडून वाक्यच पुरं होईना. तीस वर्षं मी दुसऱ्याचं वाक्य ऐकून उतरवलं होतं. आमच्याकडे एक वकीलसाहेब होते, पान खाता खाता मजकूर सांगायचे, मधेच "ते खोडा हो बाई", मधेच फोनवर कुणाशी तरी भांडण, मग "हां, कुठे होतो आपण?" मी ते सगळं गाळून नीट दस्त उतरवायचे आणि घरी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. आता मी त्यांच्या खुर्चीत आणि यंत्र माझ्या जागी. मी "नाही नाही, थांब" म्हटलं तर तेही टाइप करतं! साहेबांना माझ्यासारखी मिळाली होती म्हणून त्यांचं भागलं, हे मला तेव्हा कळलं. आता मी आधी कागदावर चार शब्दांचे मुद्दे काढते, वाक्य मनात पुरं करते, मग चित्रावर बोट टेकवते. अर्धवट विचार करून बोलणाऱ्याचं काम हा माइक वाढवतो.

आणि कचेरीबाहेर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. आवाज हे एक कारण: गाड्या, झेरॉक्सवाल्याची हाकाटी, चहावाला. त्यावर साडेसहाशेचा वायरवाला हेडफोन घेतला आणि काम भागलं. दुसऱ्या कारणाला हेडफोन नाही. टायपिंग मुकं असतं. कुणाच्या बहिणीने हक्क सोडला, कुणाचं मृत्युपत्र, कुणाचं कर्ज, हे माझ्या बोटांतून कागदावर जायचं आणि शेजारच्या बाकावर कळायचं नाही. ते आता मी मोठ्याने बोलू? पहिल्याच दिवशी एक मावशी घाबरून म्हणाल्या, "अगं हळू, माझा दीर तिथंच उभाय." तेव्हापासून दस्ताचं बोलणं घरी, पहाटे सहाला, दार लावून. मजकूर स्वतःलाच व्हॉट्सॲप करते आणि दुकानात कॉम्प्युटरवर उघडून दुरुस्त करते. माझ्या फोनवर नेट गेलं की तो मुका होतो. बोललेला आवाज पुढे कुठे जातो, ते सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या. मृत्युपत्रं मी अजूनही हातानेच करते.

पाचात किती? अर्ज-पत्रांना साडेचार. दस्तांना अडीच, आणि तेही मागून वाचणारा माणूस असेल तर. टायपिंगचा क्लास लावावा का असं विचारणाऱ्या मुलींना मी सांगते, लावा, पण नुसत्या स्पीडच्या मागे लागू नका. सातबारा वाचायला शिका, फेरफार काय असतो ते विचारा, अंकी-अक्षरी मेळ बघायची सवय लावा. स्पीडमध्ये या माइकला आपण हरणारच.

"फक्त प्रिंट"वाले अजून येतात, पूर्वीपेक्षा जास्तच. परवा मी पाटीवर नवीन ओळ रंगवून घेतली: "मोबाईलवरचा मजकूर वाचून दुरुस्त करून मिळेल. पानाला 60 रुपये." रंगवणाऱ्याने "दुरूस्त" लिहिलं होतं. रंग ओला होता तोवर पुसून परत लिहायला लावलं.