होपी कात्सिना बाहुली: जुन्या घडणीची घ्यावी की नव्या?

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ईशान्येकडील पठारांवर राहणारे मूळनिवासी होपी लोक या बाहुलीला ‘तिहू’ म्हणतात. पाऊस आणि पीक देणारे कात्सिना नावाचे आत्मे हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को शिखरांवरून गावात येतात व जुलैतील निमान सोहळ्यानंतर परततात, अशी त्यांची श्रद्धा आहे. या काळात कात्सिनांचे रूप घेतलेल्या नर्तकांच्या हातून मुलींना तिहू मिळते. ती मुळात आशीर्वादाची वस्तू आहे, हे ध्यानात ठेवूनच निवड करावी.

जुन्या घडणीची बाहुली कॉटनवूड वृक्षाच्या हलक्या मुळातून कोरलेली असते. हात पोटाशी घट्ट, पाय आखूड, अंगावर पांढऱ्या मातीचा थर आणि त्यावर खनिज रंग. तिला बैठक नसते. गळ्यातल्या दोऱ्याने ती भिंतीवर टांगतात. हा रंग चकाकत नाही आणि घासले तर बोटाला लागतो. तो दोष मुळीच नव्हे, परंतु दमट हवेच्या किंवा लहान मुलांच्या घरात तिची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅनफ्रेड सुसुंकेवा यांच्यासारख्या होपी कलाकारांनी ही घडण पुन्हा हाती घेतली.

नव्या घडणीत एक पाय उचललेला नर्तक असतो, ॲक्रिलिक रंग असतात आणि वस्त्राची चुणीन्‌चुणी कोरलेली असते. गरुडासारख्या पक्ष्यांच्या पिसांची विक्री अमेरिकी कायद्याने निषिद्ध असल्याने पिसेही लाकडातच कोरतात, आणि ती इतकी पातळ असतात की पुसताना धाक वाटतो. कौशल्य निर्विवाद, पण बारीक कामाबरोबर किंमतही चढत जाते. तरीही पहिलीच बाहुली घेणाऱ्याला मी जुनी घडण सुचवेन, कारण मुलीच्या हाती पडणाऱ्या तिहूच्या ती अधिक जवळची आहे.

दुकानांत नावाहो या दुसऱ्या जमातीच्या कारागिरांनी चामडे व लोकर चिकटवून केलेल्या बाहुल्याही असतात. त्या शोभेसाठी घ्यायला हरकत नाही, मात्र होपी म्हणून घेऊ नयेत. बनावट मालाला मूळनिवासींची कलाकृती म्हणून विकणे 1990 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून कलाकाराचे नाव, जमात आणि गाव पावतीवर लिहून घ्यावे. शक्य असल्यास त्याआधी फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयात जावे. अमेरिकी राजकारणी बॅरी गोल्डवॉटर यांनी 1964 मध्ये दिलेल्या चारशेहून अधिक बाहुल्या त्याच संग्रहालयाकडे आहेत, आणि अस्सल काम पाहून सरावलेली नजर दुकानात फार उपयोगी पडते.